चाळीस दिवस आणि एक कप्तान

२०२०च्या मे महिन्यात माझा आतेभाऊ मुंबईहून कोकणातल्या आमच्या गावी पोचला, तेव्हा त्याला घरी न पाठवता थेट प्राथमिक शाळेत नेलं. दुसरीचा वर्ग, दोन बाकं जोडून केलेली झोपायची जागा, खिडकीत आणून ठेवलेला जेवणाचा डबा. रोज सकाळी उठला की तो फळ्यावर खडूनं एक उभी रेघ ओढायचा. चार झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. चौदा रेघा झाल्या आणि ग्रामपंचायतीनं त्याला घरी जायची परवानगी दिली. पंधराव्या दिवशी तो साखर आणायला दुकानात गेला, तर दुकानदारकाकांनी पायरीवरच थांबवलं. साखरेचा पुडा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि नोट दगडाखाली ठेवायला सांगितली.

"काका, माझे चौदा दिवस झाले की!"

"झाले रे बाबा. पण तुला आत घेतला तर उद्या बाकीचे माझ्याकडे यायचे नाहीत."

रात्री फोनवर हे सांगताना तो म्हणाला, "मला अजून क्वारंटाईनच करून ठेवलंय." मला तेव्हा तो शब्द खटकला. का खटकला ते शोधायला गेलो आणि दोन इंग्रजी शब्दांच्या मागे लागलो. चौदाव्या दिवसापर्यंत त्याचं जे चाललं होतं ते क्वारंटाईन होतं. पंधराव्या दिवशी कट्ट्यावर जे घडलं त्याला इंग्रजीत बॉयकॉट म्हणतात. हे शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. एक इटलीच्या किनाऱ्यावरून आला, दुसरा आयर्लंडच्या शेतातून, आणि त्यांच्या जन्मात काही शतकांचं अंतर आहे. पण माणसाला बाजूला काढण्याची वेळ आली की दोन्ही एकाच दारात उभे राहतात, आणि आपली गल्लत होते.

क्वारंटाईनच्या पोटात एक आकडा आहे. इटालियनमध्ये क्वारांता म्हणजे चाळीस, त्यावरून क्वारंतेना म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. युरोपात प्लेगनं थैमान घातल्यानंतर बंदराच्या शहरांपुढे मोठा पेच होता. जहाजं आली नाहीत तर शहर उपाशी, आली तर रोग येणार. आज क्रोएशियात असलेलं दुब्रोव्हनिक तेव्हा रागुसा म्हणून ओळखलं जायचं. तिथल्या महासभेनं २७ जुलै १३७७ रोजी ठराव केला की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यानं आधी म्रकान नावाच्या बेटावर किंवा त्सावतात या गावी एक महिना काढायचा आणि मगच शहरात पाऊल टाकायचं. म्हणजे सुरुवात तीस दिवसांपासून झाली. पुढे तिसाचे चाळीस झाले. ख्रिस्ती धर्मात चाळीस दिवसांच्या उपासाला मान आहे, शिवाय तीव्र आजार चाळीस दिवसांत आपलं रूप दाखवतो अशी जुन्या ग्रीक वैद्यकाची समजूत होती. व्हेनिसनं १४२३ मध्ये प्लेगच्या रोग्यांसाठी एका बेटावर कायमचं इस्पितळ उभारलं, आणि १४६८ मध्ये नुसत्या संशयितांसाठी दुसरं बेट राखून ठेवलं.

रोगी वेगळे आणि संशयित वेगळे, हा भेद तेव्हापासूनचा आहे आणि तो आजही तसाच आहे. आजारी पडलेल्याला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. जो अजून ठणठणीत आहे पण रोगाच्या जवळून आला आहे, त्याला थोडे दिवस थांबवून पाहणं म्हणजे क्वारंटाईन. करोनाच्या काळात आपल्या वर्तमानपत्रांनी बऱ्याचदा दोन्हींना विलगीकरण म्हटलं, त्यामुळे शाळेत थांबलेला प्रत्येक जण गावाच्या लेखी रोगीच ठरला. माझा आतेभाऊ एक दिवसही आजारी नव्हता.

या दिवसांचा आकडा कुठून येतो, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. रोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळेइतका किंवा थोडा जास्त क्वारंटाईन ठेवायचा. तेवढे दिवस माणूस ठीक राहिला तर त्याच्यात रोग आलेलाच नाही, असं मानायचं. करोनासाठी सुरुवातीला चौदा दिवस धरले होते ते याच हिशेबानं. रागुसाच्या लोकांना जंतूही माहीत नव्हते आणि उंदरावरच्या पिसवाही. पण प्लेग आठवड्याभरातच बाहेर पडतो, त्यामुळे त्यांचा महिना पुरून उरला. आकडा अंदाजाचा असला तरी ठरावात लिहिलेला होता.

जुन्या इंग्रजी कायद्यात या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, आणि तो वाचून मी थोडा वेळ थांबलोच. नवरा वारल्यावर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याचा हक्क असायचा, तिला कोणी लगेच बाहेर काढू शकत नसे, आणि तेवढ्या मुदतीत तिचा वाटा तिला द्यायचा. १२१५च्या मॅग्ना कार्टामध्ये हे कलम आहे. या चाळीस दिवसांनाही क्वारंटाईन म्हणत. इथे कोणाला कोंडायचं नाही, उलट एका बाईला छप्पर राखून द्यायचं आहे. दोन्ही अर्थांत सारखं काय? मोजलेले दिवस.

आपल्या घरांत याच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायची तर ती सुतक. सुतकामागे वैद्यकीय हिशेब आहे असं मला मुळीच सुचवायचं नाही. मला त्यातली फक्त मोजणी दिसते. दहावा कधी, तेरावा कधी, हे घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. सुतक फिटलं की त्या घरात लोक जेवायला येतात, आणि कालपर्यंत लांबून बोलणारा शेजारी ओट्यावर येऊन बसतो. 'सुतक फिटलं' असं आपण म्हणतो. वाळीत पडणं मात्र 'फिटलं' असं मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

क्वारंटाईनमध्ये कमीपणा नसतो, हे दाखवायला मला चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांची गोष्ट सगळ्यात आवडते. अपोलो ११चे तिघे अंतराळवीर २४ जुलै १९६९ रोजी समुद्रात उतरले. साऱ्या जगानं डोक्यावर घेतलेली ही माणसं जहाजावर चढली आणि थेट एका बंद डब्यात गेली. चंद्रावरून काही जंतू आले असतील तर, ही शंका होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः आले, पण डब्याच्या काचेपलीकडून वाकून बोलले. चंद्रावरून निघाल्यापासून एकवीस दिवस मोजले गेले आणि १० ऑगस्टला तिघं बाहेर आले. काचेआड ठेवलं म्हणून त्यांना कोणी पापी मानलं नाही. अपोलो १४ नंतर तर ही पद्धतच बंद झाली, कारण चंद्रावर जंतू नाहीत याची खात्री पटली. कारण संपलं, क्वारंटाईन संपला.

बॉयकॉटच्या पोटात आकडा नाही, माणूस आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या वतीनं तो कुळांकडून खंड वसूल करायचा आणि लॉख मास्क नावाच्या सरोवराकाठच्या मोठ्या घरात राहायचा. पिकं बुडाली होती. जमीनदारानं खंडात दहा टक्के सूट देऊ केली, कुळांनी पंचवीस मागितली. तडजोड होईना, तेव्हा सप्टेंबर १८८० मध्ये कुळांना बेदखलीच्या नोटिसा काढल्या गेल्या.

त्याच महिन्यात, १९ सप्टेंबरला, आयरिश पुढारी पार्नेल एनिस गावच्या सभेत बोलला. बेदखल झालेल्या कुळाची जमीन दुसऱ्यानं घेतली तर त्याला मारू नका, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला रस्त्यात टाळा, दुकानात टाळा, बाजारात टाळा, देवळातसुद्धा टाळा. आणि पुढे त्यानं उपमा दिली ती जुन्या काळच्या महारोग्याची. महारोग्याला जसं माणसांतून वेगळं काढत, तसं याला काढा. शब्दांची पाळंमुळं वेगळी असूनही दोन गोष्टी एकमेकींना कुठे चिकटल्या, ते इथे दिसतं. जे पाऊल रोगाच्या भीतीनं उचललं जायचं, ते आता शिक्षेचं हत्यार म्हणून जाणूनबुजून वापरायला सांगितलं जात होतं.

मेयोतल्या लोकांनी ते हत्यार बॉयकॉटवरच चालवलं. घरातले नोकर निघून गेले. शेतमजूर आले नाहीत. लोहारानं काम नाकारलं, धोबिणीनं कपडे नाकारले, दुकानदारांनी माल नाकारला, टपाल आणणारा पोरगाही येईना. बॉयकॉटनं लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. नोव्हेंबरमध्ये उत्तरेतून पन्नास मजूर त्याचं पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजारभर सैनिक आणि पोलीस. पाचशे पौंडांच्या आसपासचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाला, असा तेव्हाचा हिशेब सांगतात. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला बॉयकॉट मेयो सोडून गेला.

या प्रकाराला नाव काय द्यायचं? गावचे पाद्री जॉन ओमॅली आणि अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्यात यावर बोलणं झालं. इंग्रजीत ऑस्ट्रसिझम हा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून ओमॅलींनी सरळ त्या माणसाचं आडनावच क्रियापद म्हणून सुचवलं. काही आठवड्यांत ते छापून आलं, काही वर्षांत फ्रेंच, जर्मन, रशियन अशा भाषांत पोचलं. गंमत बघा, जो शब्द त्यांनी बाजूला ठेवला त्यात मुदत होती. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला हद्दपार करत, पण दहा वर्षांसाठीच. त्याची मालमत्ताही त्याचीच राहायची. बॉयकॉट या नव्या शब्दात मुदतीचा मागमूस राहिला नाही.

मुदत नसली तरी चांगल्या बॉयकॉटला एक मागणी असते, आणि ती पुरी झाली की तो थांबतो. मेयोच्या कुळांना खंड कमी हवा होता. अमेरिकेत माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहराच्या बसमध्ये पाय ठेवला नाही, कारण बसमधला वर्णभेद जायला हवा होता. न्यायालयाचा हुकूम आला आणि लोक पुन्हा बसमध्ये चढले. आपल्याकडे ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विलायती मालावरच्या बहिष्काराचा ठराव झाला, तेव्हा वंगभंग रद्द व्हावा ही मागणी समोर होती. म्हणून क्वारंटाईनला विचारायचा प्रश्न 'किती दिवस?' आणि बॉयकॉटला विचारायचा प्रश्न 'कशासाठी?'

इथे मराठी इंग्रजीपेक्षा जास्त जाणती आहे, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीत माल न घेणं, निवडणुकीला न जाणं, आणि एका कुटुंबाचं गावात जगणं अशक्य करणं, या सगळ्याला बॉयकॉट हा एकच शब्द चालतो. आपण बहिष्कार घालतो आणि आपण वाळीत टाकतो, आणि ही दोन वेगळी कामं आहेत हे आपल्या कानाला कळतं. बहिष्कार निवडणुकीवर घालतात, सभेवर घालतात, कापडावर घालतात. वाळीत फक्त माणसाला टाकतात. बहिष्कारात दुबळा सबळाशी लढू शकतो. वाळीत टाकायला आधी गाव आपल्या हातात असावं लागतं.

मेयोत आणि आपल्या गावांत पायऱ्या अगदी त्याच, फक्त दिशा उलटी. तिथे लोहार आणि दुकानदार जमीनदाराच्या माणसाला नाही म्हणाले. इथे गावचं दुकान आणि गावची वाट दलितांना बंद झाली. अस्पृश्यांच्या परिस्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारनं १९२८ मध्ये जी समिती नेमली, तिच्यात डॉ. आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्य आपला हक्क बजावायला गेले की जमीन काढून घेतली जाते, काम बंद होतं, वाटा अडवल्या जातात, वाणी सामान देत नाही, हे त्या अहवालात नोंदलेलं आहे. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी काढलेल्या संस्थेचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पत्राचं नाव 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत हा शब्द त्यांनी मथळ्यावर घेतला तो याच अनुभवातून. १९३०च्या गोलमेज परिषदेपुढे त्यांनी जो मसुदा ठेवला त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्यातली कलमं आधाराला घेतली होती.

महाराष्ट्रात असा कायदा व्हायला २०१६ साल उजाडलं. जातपंचायतींच्या विरोधात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं बरीच वर्षं लावून धरलेल्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे. विधिमंडळानं कायदा एप्रिल २०१६ मध्ये केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. कोणावर सामाजिक बहिष्कार टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच २०१६ मध्ये संसदेनं १८९८चा महारोग्यांविषयीचा जुना कायदा रद्द केला, ज्यात रोग्यांना वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. महारोग बहुविध औषधांनी बरा होतो हे १९८० च्या दशकापासून माहीत असूनही तो कायदा कागदावर तोवर जिवंत होता.

क्वारंटाईन नेहमी निर्मळ असतो असंही नाही. १८९७च्या पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरांत शिरले, संशयितांना छावणीत आणि रोग्यांना इस्पितळात नेऊ लागले. रोग्यांना वेगळं काढणं गरजेचं होतं. पण देवघरात बूट घालून शिरणाऱ्या शिपायाकडून ते होत असताना लोकांना त्यात औषध दिसलं नाही, अपमान दिसला. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच्या तीनच दिवस आधी, १९ जूनला, इंग्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट वारला होता. या दोन घटनांचा काही संबंध नाही, तारखा जवळ पडल्या इतकंच. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा यशवंतच्या दवाखान्यात आणलं होतं, आणि त्यातच त्यांना लागण झाली. रोग्याला वेगळं ठेवायचं होतंच, दवाखाना त्यासाठीच तर होता. पण त्याला तिथवर कोणीतरी उचलून न्यावं लागतं.

आणि मुदत काढून टाकली तर क्वारंटाईनचं काय होतं, ते न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनच्या आयुष्यात दिसतं. ती स्वयंपाकीण होती. स्वतः धडधाकट, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते आणि तिच्या हातच्या जेवणातून ते पसरत. १९०७ मध्ये तिला एका बेटावर ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. १९१५ मध्ये ती एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सापडली, आणि तिथून १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावरच राहिली. तिची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पण तशाच जंतूंचे वाहक असलेली इतर माणसं शहरात मोकळी फिरत होती. अखेरच्या तेवीस वर्षांना क्वारंटाईन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईचा शिक्का मारत होते. त्या शिक्क्यात घरी कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं ती तारीख होती. मला तो शिक्का आधी क्रूर वाटला होता. आता वाटतं, ती तारीख हीच त्यातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट होती. अडचण एवढीच की लोक शिक्का पाहत, तारीख कोणी वाचत नसे.

आतेभावानं पुढे काय केलं ते सांगतो. त्यानं ग्रामपंचायतीत जाऊन लेखी दाखला मागितला. कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला चौदा दिवस संपले, खाली सही आणि शिक्का. त्याची एक प्रत सरपंचांनी सूचना फळ्यावर लावली, दुसरी घेऊन तो दुकानात गेला. काकांनी चष्मा लावला, पायरीवर उभं राहून कागद दोनदा वाचला, बोटांवर दिवस मोजले. साखरेचा पुडा त्या दिवशीही कट्ट्यावरच ठेवला. नोट मात्र दगडाखाली ठेवायला सांगितली नाही, हात पुढे करून घेतली. साखर हातात मिळायला आणखी आठवडा लागला.